पवनचक्कीच्या वाटेवर पेरलेली तूर

लोक मला म्हणतात, सख्ख्या भाच्यासंगं कुणी असं वागतं का? वागतं. म्या वागले. आणि अजून त्याचं काही वाटत न्हाय, म्हणून बसून लिहायला घेतलंय.

आमचं रान भूमच्या अलीकडं, माळाच्या उताराला. उताराच्या रानात मोठा पाऊस झाला की माती पाण्यासंगं खाली निघून जाती. म्हणून लग्न होऊन आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मालक आणि म्या ताल रचत होतो. ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला दगडी बांध. चुना न्हाय, सिमेट न्हाय. दगड हातात फिरवून बघायचा, त्याला जोगा शेजारी हुडकायचा, फटीत दगडाच्या बारक्या चिपा ठोकायच्या. मालक दगड बसवायचे, चिपा म्या द्यायची. मालक गेले, ताल राहिली. तिच्यामागं काळी माती साठली होती, मुरमाड माळावर काळी माती! मूठ भरून नाकाशी धरली तरी जीव निवायचा.

माझ्या भावाचा मुलगा पवनचक्क्यांच्या एका कंपनीला जमिनी मिळवून द्यायचं काम करतो. कडक इस्त्री, पायात पांढरे बूट. आमच्या वरच्या माळावर चक्की उभी राहायची होती आणि तिची पाती न्यायला आमच्या रानातून तात्पुरती वाट पाहिजे होती.

"आत्या, तालीला हात लागणार न्हाय. वळसा घालून नेतो."

"आण घे."

"तुमच्या गळ्याची आण."

म्या वाट दिली आणि बेंबळीला बहिणीच्या घरच्या लग्नाला गेले. परत येऊन बघते तर तालीला हे एवढं खिंडार, बैलगाड्या शेजारी शेजारी जातील असं. मालकांनी बसवलेले दगड जेसीबीनं वाटेखाली दाबून टाकलेले.

"वळशाला लई येळ गेला असता, आत्या. कंपनी भरपाई देती की," भाचा म्हणाला. मान खाली न्हाय, काही न्हाय. दात कोरत होता.

त्या पावसाळ्यात खिंडारातून माती गेली. म्या पोतं डोक्यावर घेऊन उभी राहून बघितली. माळाचं पाणी तांबडं जायचं, ते आमच्या रानातून काळं जात होतं. त्या दिवशी म्या मनाशी ठरवलं, ही ताल हाच रचणार. ह्याच्याच हातानं.

पण भाचा आला की चहा करून द्यायची, साखर जरा जास्तच घालायची.

चक्की उभी राहिली, फिरायला लागली. कंपनीनं वाटेवरचा मुरूम उचलला, खाली दाबलेले दगड काढून कडेला टाकले आणि वाटेची पट्टी मला परत दिली. त्यांना वाटलं, आता कशाला लागती वाट!

चक्कीवर एक इंजिनिअर पोरगा होता, लांबचा, गुणी. जवळपास हॉटेल न्हाय, म्हणून चहाला आमच्याकडं यायचा. एकदा म्या विचारलं, "बाबा, ही वीज जाती कुठं?"

"एका कारखान्याला विकतो, मावशी. त्यानं सरकारी वीज कमी करून आमच्याशी करार केलाय."

"आणि वारं पडलं तर?"

"मग आम्हाला बाजारातून घेऊन द्यावी लागती. विजेचा पण बाजार भरतो. पाव पाव तासाला भाव बदलतो."

मला लई गंमत वाटली. भूमच्या बाजारात दिवसातून दोनदा भाव बदलला तर आमी भांडतो! मग तो येईल तेव्हा म्या विचारत राहिले. दुपारी सोलारवाल्यांची वीज इतकी येती की भाव कोथिंबिरीसारखा कोसळतो, सांज झाली की परत चढतो. कोळशावाला भाव बघून कमीजास्त करतो. वाऱ्यावाल्याला चारापाणी फुकट, पण त्याचा माल त्याच्या हातात न्हाय.

"आणि ती अणूची?"

"ती सारखी चालू असती. उभी करायला लई खर्च, वर्षानुवर्षं लागतात. पण एकदा सुरू झाली की सहसा बंद करत नाहीत. भाव असो नसो."

"म्हंजे म्हैस," म्या म्हणले. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या, म्हशी घरोघर. म्हैस घेताना माणूस मोडतो, पण व्याली की दूध रोजच निघणार. भाव पडला म्हणून आज धार काढू नको असं तिला सांगता येत न्हाय.

पोरगा हसला. "व्हय, तसंच. आमचा कारखानदारही हेच म्हणतो. तुमचा वारा चुकला तर परत सरकारी लाइनीवर जातो, तिथं कोळसा आहे, अणू आहे, वाऱ्याची वाट बघावी लागत न्हाय. आषाढ-श्रावणात आम्ही वर्षाची बेगमी करतो, मावशी. तेव्हा चक्की बंद पडली तर मेलोच."

तो बिचारा दुखणं सांगत होता. म्या नस धरून ठेवली.

आणि मिरगाच्या आधीच्या वळवात चक्कीच्या पात्यावर वीज पडली. पातं चिरलं. नवं पातं चढवायला मोठी क्रेन पाहिजे, आणि क्रेनला वाट एकच. माझ्या रानातली.

आमच्या गावात पेरलेल्या रानात कुणी वाहन घालत न्हाय. वैऱ्याच्या सुद्धा न्हाय. भूक तुडवली म्हणतात. त्या पट्टीत दरसाल उडीद असायचा, तो भादव्यात निघतो. म्या तिफणीला नारळ फोडला आणि पट्टीतच न्हाय, तालीच्या कडेच्या वळशातबी तूर पेरली. तूर पौषापर्यंत रानात उभी असती.

भाचा क्रेन घेऊन आला तेव्हा कोंब वर आले होते. क्रेनवाला भूमचाच. त्यानं खाली उतरून बघितलं, गाडी बंद केली आणि बिडी पेटवली.

"घाल की पुढं!" भाचा ओरडला.

"तुमीच घाला, साहेब. मला लेकरंबाळं हाईत."

मग भाचा माझ्याकडं आला. "आत्या, किती पाहिजेत बोला."

"दगड पाहिजेत. माझी ताल होती तशी रचून दे. तुझ्या हातानं. ताल झाली की तूर उपटते; माणसं लावलीस तर ती पौषातच निघंल."

"मला कुठं येतं रचायला?"

"मोडायला कुणी शिकवलं होतं?"

कंपनीचे साहेब आले, तहसीलला जातो म्हणाले. म्या म्हणले, जावा. त्यांचे दिवस जात होते, माझे न्हाय. वर आषाढाचं वारं घरावरचे पत्रे उचलत होतं आणि चक्की थिजून उभी. कारखान्याला द्यायची वीज बाजारातून, सांजंच्या चढ्या भावानं घेत होते. टीव्हीवर अणुभट्टीचं काही दाखवलं की म्या सुनेला म्हणायची, "आवाज वाढव. चालू दे बाई, चालू दे रातंदिस."

शेवटी भाचा बूट काढून रानात उतरला. म्या बांधावर पोतं टाकून बसले. दगड वाकडा बसला की काढायला लावला. म्या काही शिकवलं न्हाय, नुसतं "न्हाय" म्हणत गेले. हाताला फोड आले, फुटले. एकदा म्हणाला, "आत्या, जरा चिपा तर द्या."

हात पुढं झाला होता माझा. म्या मागं घेतला. चिपा म्या एकाच माणसाला दिल्या होत्या.

ताल पुरी झाली तेव्हा श्रावण सरला होता. बोलल्याप्रमाणं पट्टीतली आणि वळशातली तूर म्या माझ्या हातानं उपटली. फुलाला अजून येळ होता. क्रेन तालीला वळसा घालून गेली, पातं चढलं. कारखाना तोवर सरकारी लाइनीवर परत गेला होता, इंजिनिअर पोरानं सांगितलं. त्याची बदली झाली, त्याचं मात्र वाईट वाटलं.

भाचा माझ्यासंगं बोलत न्हाय. भाऊबीजेला भावानं मला न्यायला यायचं टाळलं.

लांबलेला परतीचा पाऊस झाला तशी म्या रानात गेले. तालीमागं पाणी थोपलं होतं, आणि भाच्यानं बसवलेल्या दगडांतून पाणी झिरपत होतं ते नितळ. म्या वाकून ओंजळीत घेऊन बघितलं. माती सुटली न्हाय. मग एकेक दगड हलवून बघितला. एखादा तरी सैल निघावा, त्याला परत बोलवावं, असं लई मनात होतं. एकबी हलला न्हाय.