बैलाला आवतण

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर एक वाक्य हमखास येतं. "आपण नाही का मार खाल्ला? काय बिघडलं आपलं?" कोणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. मी दरवेळी म्हणते की जे बिघडलं ते समोर बसून चहा पितंय. मग तो चहा संपेपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. माझं डोकं लवकर तापतं, हे मला मान्य आहे. पण असल्या गोष्टीवर ज्याचं तापत नाही, त्याचं डोकं एकदा तपासून घ्यावं असं माझं मत आहे.

माझं माहेर बुलडाण्याचं, आणि नोकरी मोताळा तालुक्यातल्या एका गावात. आठवी ते दहावीला मराठी शिकवते. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी उंचीप्रमाणे पोरांच्या जागा बदलल्या, आणि नववीतली एक मुलगी अचानक ढ झाली. आधी ती डाव्या भिंतीला चिकटून बसायची, मान जरा माझ्याकडे वळवून. उत्तरं चटाचट द्यायची. आता उजव्या भिंतीशी गेली आणि हाक मारली तरी ढिम्म. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तिला नाव घेऊन उभं राहायला सांगितलं, तर ती खाली मान घालून लिहीतच राहिली. वर्ग खिदळला.

तिच्या शेजारणीला ते सहन झालं नाही. "मॅडम, तुमी तिच्या बहिऱ्या कानाकून आवाज देऊन राह्यल्या."

"बहिऱ्या म्हणजे? काय झालं कानाला?"

आता वर्गाला हसू येत नव्हतं. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून त्या मुलीनं शेजारणीला काय ते विचारलं आणि स्वतःच उभी राहिली. "बाबानं मारलं मॅडम. उन्हाळ्यात. विहिरीवरची मोटर बंद कराची मी भुलली होती." पाऊस किती झाला सांगावं तशा आवाजात सांगितलं तिनं.

मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी धडा झाला नाही. मी पोरांना विचारलं, "मोठी माणसं लेकरांना का मारतात? तुम्हाला काय वाटतं ते सांगा. इथलं बाहेर जाणार नाही."

आधी चुळबुळ झाली. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "राग दुसऱ्यावरचा असते मॅडम, निंघते आमच्यावर. माहा बाप गावात सगळ्याइपुढं मान खाली घालते. घरी आला का मंग आमच्यापुढं वर करते." एका कारकुनाची मुलगी म्हणाली, "आमचे पप्पा ऑफिसात कोणावर आवाज चढवत नाहीत. लोक म्हणतात, किती शांत माणूस. मारायच्या आधी ते टीव्हीचा आवाज वाढवतात." हे बोलताना ती माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होती.

एक पठ्ठ्या मात्र उलट्या बाजूनं उभा राहिला. "मारलं नाई तं पोट्टे बिघडते मॅडम. मी मार खाल्ला म्हून सुधारलो." वर्ग फुटला, कारण हा सुधारल्याची बातमी अजून कोणापर्यंत पोचली नव्हती. मी विचारलं, "काय सुधारलं सांग बरं." तो क्षणभर विचारात पडला आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "आता खोटं बोललो तं पकडल्या नाई जात."

मी हसले, पण घरी जाऊन तेच वाक्य मला टोचत राहिलं. माराची सगळी शिकवण त्यात आली होती. मारणाऱ्याला वाटतं, पोर चुकायचं थांबलं. पोर शिकतं लपवायला. त्याच तासाला आणखी कोणी म्हणालं, आई पोळी वाढायला हात पुढं करते तरी मान आपोआप खाली जाते. एक जण म्हणाला, "मी लहान भावाले झोडपतो. मंग मलेच रडू येते. पण झोडपतो." ही चौदा-पंधरा वर्षांची पोरं. यांना सगळं कळतं, आणि ज्यांना कळायला हवं ते स्टाफरूममध्ये माना डोलावतात.

तास संपत आला तेव्हा ती बहिऱ्या कानाची मुलगी पुन्हा उभी राहिली. "मॅडम, बैलाचं बरं असते. आज संध्याकाळी बाबा त्याचे खांद शेकतीन. वर्षभर मारलं म्हून माफी मागतीन." आणि ती खाली बसली.

मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, घरचा मामला आहे. म्हणाले, वडील शाळा समितीवर आहेत. शेवटी म्हणाले, "सणाच्या तोंडावर कशाला?" लेकराच्या कानफटात मारायला मुहूर्त लागत नाही, बोलायला मात्र लागतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "त्या कानावर उपचार झाले नाहीत तर मी तक्रार करणार. तुम्ही सोबत असा नाहीतर नसा." आणि शाळा सुटल्यावर थेट तिच्या घरी गेले.

वडील गोठ्यात होते. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात, त्यांवर कोमट तूप आणि हळद चोळतात. तो माणूस पळसाच्या पानानं तूप लावत होता, तेही इतक्या हळुवार की बाळंतीणही बाळाला तेल तसं लावणार नाही. "लय मारलं बापा तुले, लय राबवलं. माफ कर," असं पुटपुटत होता. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." बैलानं कान हलवला.

माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला मऊ हात लावता येत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंच मला जास्त संताप आला.

मला पाहून त्यानं हात पुसले. "या मॅडम, बसा. चहा मांडाले सांगतो." मी बसले नाही. कानाचं विचारलं. आधी म्हणाला, मळ आहे. मग म्हणाला, लहानपणापासून तसंच आहे. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत ऐकू येत होतं, मी तिला शिकवलंय. तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. "पोरीची जात आहे मॅडम. दवाखान्यात नेलं का गावभर बभ्रा. बहिरी आहे म्हून नाव पडलं तं उद्या सोयरीक कोण आनीन?"

म्हणजे पोर बहिरी झाली याचं काही नाही, ते लोकांच्या कानावर जाऊ नये. याच बैलाच्या डोळ्यात कस्पट गेलं होतं तेव्हा हा माणूस मोताळ्याहून गुरांचा डॉक्टर घेऊन आला होता, ते साऱ्या गावानं पाहिलं होतं. मी ते तोंडावर म्हणाले.

मुलगी तुपाची वाटी धरून उभी होती. वाटी तिनं खाली ठेवली आणि बापाजवळ गेली. "बाबा, मले बी द्या न आवतन."

"काय चाव्हाटपणा लावला मॅडमपुढं?"

"द्या न." तिनं केस मागे सारले आणि डावा कान पुढं केला.

माझ्यासमोर नाही कसं म्हणणार? तो कसनुसा हसला, वाकला आणि तिच्या कानाशी ते म्हणाला. मी चार हातांवर होते, मला ऐकू आलं. पलीकडे बैलानं कान हलवला. पोरगी तशीच वाट बघत उभी राहिली.

"सांगा न, बाबा."

"सांगतलं न!"

"कवा?"

तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. तिनं मान वळवून उजवा कान दिला तेव्हा तिला ते कळलं. दारात तिची आई पदर तोंडाला लावून उभी होती. तो माणूस हळदीच्या हातांकडे बघत राहिला. मला वाटलं, आता पाझर फुटला. मला त्याची दयासुद्धा आली, मी लपवत नाही.

पोळा झाल्यावर बाप तिला बुलडाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला तयार झाला. मुद्दाम मी सोबत गेले. डॉक्टरांनी बराच वेळ कानात बघितलं. म्हणाले, पडदा फाटलाय, आत पू धरलाय. तेव्हाच आणायला हवं होतं. ऑपरेशन करून पाहू, पण पहिल्यासारखं ऐकू येईल असं सांगता येत नाही. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मार कशाचा लागला?"

मी बापाकडे बघितलं. गोठ्यातला तो हळदीचा हात मला आठवत होता, म्हणून मी मुद्दाम गप्प राहिले. याला बोलू द्यावं, म्हटलं.

"बैलानं मारलं साहेब," तो म्हणाला. "शिंग लागलं."

ज्याची माफी मागितली, ज्याला जेवायचं आवतण दिलं, त्याच मुक्या जनावराच्या माथी मारून मोकळा! मी उसळून तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी बोलली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं, बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"आमचा बैल नाई मारत, डॉक्टर."