कुजबुजत शिकलेलं जर्मन

नवरा जर्मनीला कामाला गेला. मागोमाग मी जायचं तर मधे एकच धोंड होती, भाषेच्या परीक्षेची. अगदी पहिल्या पायरीची परीक्षा. ती पास झाले तर व्हिसा, नाहीतर विट्याजवळचं हे गाव आहेच.

क्लास मोबाईलवर, भर दुपारी. बसायचे मी मागच्या खोलीत, गव्हाच्या पोत्यांपाशी, कारण पुढं सोप्यात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, सासरे आणि त्यांना भेटायला येणारी माणसं. घर आता स्लॅबचं झालंय, पण सोपा तो सोपाच. सुनेचा आवाज तिथवर जाऊ नये, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. माहेरी पलूसला आई तशी बोलायची, इथे सासूबाई तशा बोलतात, मग मी जर्मनही तसंच शिकले, कुजबुजत. बाई स्क्रीनवरून विचारायच्या, "तुमचा माईक बिघडलाय का?" मी बेधडक हो म्हणायचे. माईक धडधाकट होता.

सासऱ्यांना या क्लासचं हसू यायचं. त्यांचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान होतं. मिसरूड फुटताना गेले ते केस पिकल्यावर परतले. अजून तिकडचा फोन आला की तमिळमध्ये हसतात काय, भांडतात काय!

"भाषा काय खोलीत दार लावून येत्या व्हय?" ते म्हणायचे. "मी कुठं क्लास लावला हुता? गिऱ्हाईक दारात आलं की बोलाय लागायचं. तिकडं गेलीस की आपसूक येईल."

पुण्याला परीक्षा झाली. ऐकणं, वाचणं, लिहिणं चांगलं गेलं. तोंडी परीक्षेला समोरच्या बाई पुढे झुकून हसतमुखानं सांगत होत्या, जरा मोठ्यानं बोला. त्या सांगतील तसतशी मी आणखी आत जात गेले. नापास.

"जाऊ दे गं, तिकडं गेलीस की येईल," सासरे पुन्हा म्हणाले. भाषा आल्याशिवाय जाता येत नाही आणि गेल्याशिवाय भाषा येत नाही, मग मी करायचं तरी काय? तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण हे सगळं मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. सासूबाईही इतकी वर्षं तमिळनाडूतच होत्या, दुकानामागच्या खोलीत. हिला तमिळचा एक शब्द आला नाही, असं सासरे येईल त्याला हसून सांगतात.

"समदं समजत हुतं मला," सासूबाई अचानक म्हणाल्या. "ह्यांचं पुढं बोलणं चालायचं, त्ये भिंतीआडनं ऐकून ऐकून. एकदा पोराला ताप भरला. ह्ये परगावी गेल्यालं. शेजारीण दारात येऊन इचारती, काय झालं. शब्द तयार हुतं गं, पर तोंडातनं निघंनात."

शेजारणीनं पोराच्या कपाळाला हात लावला आणि आपणहून दवाखान्यात नेलं. ते पोर म्हणजे माझा नवरा.

मला एकदम भीती वाटली. जर्मनीतही अशीच एक खोली असणार, आणि मी तिच्यात.

सासूबाई हात झटकून उठल्या आणि मला थेट सोप्यात घेऊन गेल्या. सासरे एकटेच पेपर वाचत होते.

"आवं, जरा भाईर जाता का? पोरीला मोठ्यानं बोलायचंय."

"मग बोलू दे की. मी कुठं तोंड धरलंय तिचं?"

खरंच होतं ते. कोणीच धरलं नव्हतं. सासऱ्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि ते चांगलं कौतुकानं माझ्याकडे बघत राहिले. स्वतःची ओळख करून द्यायची वाक्यं मला झोपेतसुद्धा पाठ होती. ओढणी सारखी केली आणि ती वाक्यं सगळी, एकही न चुकता, म्हटली. शेजारी उभ्या सासूबाईंनी खाली मान घातली.

सासरे कान देऊन अजून वाट बघत होते.

"बोल की गं," ते म्हणाले. "कर सुरू."