शनिवारी तिजोरीला तेल

आता काय सांगू तुम्हाला, हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! आख्खी सासुरवाडी हसून झाली, तुम्हीच कशाला मागे राहता?

आमच्या विरारच्या फ्लॅटमध्ये भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी आहे. जुन्या पद्धतीची, किल्लीची. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला किल्ली जरा जड फिरली. आता मला कुठे गप्प बसवतंय? सासुरवाडीच्या वाडीतलं घाण्याचं खोबरेल घरात होतंच. घातले चार थेंब कुलपात. किल्ली अशी गर्रकन फिरली म्हणता! त्या दिवसापासून नेमच धरला. शनिवारी सकाळी आधी मारुतीला तेल, मग तिजोरीला.

बायको म्हणाली, "अहो, शिलाई मशीनचं तेल आणा की."

"विकतचं? घरात शुद्ध माल असताना?"

जानेवारीत मेहुण्याच्या मुलाचं लग्न ठरलं. नवरीचं मंगळसूत्र सांभाळायला आमच्याकडे दिलं, कारण सगळ्या नात्यात तिजोरी एकट्या आमच्याकडे. माझी कॉलर ताठ!

आणि नेमकी तेव्हापासून तिजोरीची लहर फिरली. सकाळी किल्ली हलायची नाही. मी तेल घालायचो आणि दुपारी उघडायची. असं तीन-चारदा झालं.

"तेल मुरायला वेळ लागतो गं," मी बायकोला समजावलं आणि डोस वाढवला.

उजाडला लग्नाचा दिवस. मुहूर्त साडेदहाचा, लग्न चांदीप गावाला. सकाळी सात वाजता, बाहेर कडाक्याची थंडी, मी फेटाबिटा बांधून तिजोरीपुढे उभा. किल्ली ढिम्म! दोन्ही हातांनी पिळली, तरी ढिम्म! चावीवाल्याला फोन केला.

"अंकल, कटर लगाना पडेगा. बारा बजे आता हूँ."

बारा? बारा वाजता तिकडे पंगत बसणार!

"मंगळसूत्राशिवाय लग्न लावायचं का? दादाला काय तोंड दाखवू मी?" बायको रडायचीच बाकी होती.

उपाय एकच, आणखी तेल! बाटली उपडी केली, तर थेंब पडेल तर शपथ. आत पांढराफटक गोळा. मग या शहाण्याने काय करावं? पातेल्यात गरम पाणी घेतलं आणि बाटली त्यात उभी केली.

तेवढ्यात मंगळसूत्र न्यायला सासूबाई गास गावाहून रिक्षाने हजर.

"हे काय मांडलंय, जावईबापू?"

"तेल थिजलंय हो. पातळ करून कुलपात ओततो."

"याआधी कधी ओतलंय?"

"दिवाळीपासून! एक शनिवार चुकवला नाही!" हे मी वर अभिमानाने सांगितलं बरं का.

सासूबाईंनी बाटलीकडे पाहिलं. मग तिजोरीकडे. मग सावकाश माझ्याकडे.

"बाटलीतलं थिजलं, मग कुलपातलं काय तुमचा मान ठेवून पातळ राहिलं?"

बायकोने हेअर ड्रायर आणला आणि कुलपावर धरला. दहा मिनिटांत कुलपातून तेलाचा ओघळ सुरू झाला. महिनाभर दुपारच्या उन्हानं केलेलं काम मी माझ्या नावावर खपवत होतो, तेव्हा कळलं. खट्! उघडली एकदाची. मंगळसूत्राची डबी सासूबाईंच्या पदरात आणि आम्ही सगळे त्याच रिक्षात.

मुहूर्त गाठला. म्हटलं, सुटलो. पण चांदीपला पोचेपर्यंत सासूबाईंनी गुपित पोटात ठेवलं हेच नवल; उतरताच सगळ्यांना सांगून टाकलं. पंगतीत मी घामाघूम होऊन फेटा काढला, तर माझ्या चकचकीत टकलाकडे बघत त्या भर पंगतीत म्हणाल्या,

"जावईबापू, त्या तेलातलं थोडं इथे मुरवलं असतंत, तर केस नाही, पण अक्कल तरी उगवली असती!"

मी जिलेबी तशीच टाकून पुन्हा फेटा चढवला.