लाल रुग्णवाहिकेचा तळ

माझ्या बहिणीचे यजमान वीज कंपनीत मीटर तपासायला होते. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून, तोंडात टॉर्च धरून, मीटरचं सील कुणी उघडून परत बसवलंय का, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यामुळे त्यांना सगळे सीलसाहेब म्हणतात. लग्नाची बोलणी करायला आमच्या घरी आले, तेव्हाही आधी जिन्याखाली जाऊन मीटर पाहून आले. बहीण नंतर पाहिली. "या साहेब, चहा घ्या," असं जिथे फार प्रेमाने म्हणतात, तिथेच मीटर हळू फिरतो, हा त्यांचा आयुष्याचा निष्कर्ष. मी आजही त्यांना चहा विचारताना आवाज जरा रुक्ष ठेवतो.

निवृत्तीनंतर हा सगळा संशय कुठे जिरवायचा, हा प्रश्नच होता. दोन महिने तो बहिणीने सोसला. साखरेचा डबा काल इतका खाली नव्हता, वगैरे. मग त्यांना इंटरनेटवर तो कोश सापडला आणि घर वाचलं.

कोश म्हणजे खेळण्यातल्या छोट्या धातूच्या गाड्यांचा. तळहातावर मावतील अशा मोटारी, ट्रक, बंब. जमवणारे लोक जगभर पसरलेले असतात आणि ते सगळे मिळून एकेका गाडीचं एकेक पान लिहितात. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं खोडावं. सीलसाहेबांना लहानपणापासून या गाड्यांचा नाद, आणि खोडण्याची परवानगी मिळालेली. सहा महिन्यांत त्यांनी त्या कोशाचे लेखनाचे नियम लिहायला घेतले. एक्केचाळीस झाले.

पान नेहमी गाडीच्या तळापासून सुरू करायचं, कारण वरचा रंग खोटं बोलतो, तळ बोलत नाही. रंग ठरवायचा तो सकाळी दहा ते अकरा, खिडकीपाशी, पेंटच्या दुकानातलं शेडकार्ड शेजारी धरून. "सुंदर", "दुर्मिळ" आणि "आमच्या वेळी" हे शब्द दिसले की खोडायचे. आठवण हा पुरावा नाही. नातेवाइकांनी सांगितलेलं तर मुळीच नाही. ज्या वाक्याला पुरावा नाही त्याच्यापुढे "शंका" अशी चिठ्ठी लावायची, आणि सात दिवसांत पुरावा आला नाही तर पान काढून टाकायचं. सतरावा नियम त्यांचा लाडका होता. कारखान्यात आधी रंग देतात आणि नंतर गाडीचा तळ रिव्हेटने, म्हणजे धातूच्या बिनआट्यांच्या खिळ्याने, ठोकतात. म्हणजे रिव्हेटवर रंग दिसला, तर गाडी मागाहून कुणीतरी रंगवली आहे. "मीटरचं सीलच आहे ते," सीलसाहेब मला म्हणाले, आणि त्यांचे डोळे पाणावल्यासारखे झाले.

या नियमांच्या जोरावर त्यांनी दोन वर्षांत कित्येकांची पानं उडवली. एका गृहस्थाने आपल्या पिवळ्या ट्रकबद्दल "वडिलांनी आणला होता" असं लिहिलं होतं. सीलसाहेबांनी त्याला विचारलं, "वडिलांची पावती आहे का?" गृहस्थाने कोश सोडला.

आणि मग एका सोमवारी त्यांच्या स्वतःच्या पानावर चिठ्ठी लागली.

हे पान होतं लाल रुग्णवाहिकेचं. ती कंपनी रुग्णवाहिका फक्त पांढरी काढायची. लाल रंगाची जगात एकच माहीत होती, आणि ती सीलसाहेबांच्या काचेच्या कपाटात, कापसावर ठेवलेली होती. त्यांची मोठी बहीण, आक्का, त्या खेळण्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. साहेब सात वर्षांचे असताना पाय मोडून दीड महिना पडून होते. तेव्हा आक्काने ती आणून दिली आणि सांगितलं, कारखान्याने फक्त बारा लाल काढून पाहिल्या, त्यातली ही एक. वर्गात त्यांच्या पायाच्या प्लास्टरपेक्षा त्या गाडीला जास्त गर्दी झाली होती. कोशातल्या या पानावरही तेच लिहिलं होतं. बारा नग, चाचणीसाठी.

चिठ्ठी लावणाऱ्याने स्वतःचं नाव "तिसरा गिअर" असं ठेवलं होतं. त्याने नम्रपणे लिहिलं होतं, "आपल्याच नियमाप्रमाणे तळाचा फोटो हवा. बाकी सगळ्या पानांवर आहे, याच पानावर दिसत नाही. सात दिवस वाट पाहतो."

"नम्र आहे," सीलसाहेब म्हणाले. "म्हणजे काहीतरी आहे."

पहिला संशय जुन्या खेळण्यांच्या व्यापाऱ्यावर. त्याने गेल्या वर्षी ती गाडी मागितली होती. दुसरा वरच्या मजल्यावरच्या शिंप्यावर, कारण तो हल्ली जिन्यात जास्त हसून बोलतो. साहेबांनी तिसऱ्या गिअरच्या लिहिण्याच्या वेळा वहीत उतरवल्या.

"बघ, रोज दुपारी एक ते दीडमध्ये लिहितो. एकला कोण जेवतं?"

"सगळं जग जेवतं," माझी बहीण आतून म्हणाली.

गुरुवारी पाळी माझ्यावर आली.

"तू मागच्या रविवारी मला विचारलंस, रिव्हेट म्हणजे काय."

"भावोजी, तुम्ही दोन तास रिव्हेटबद्दल बोलत होतात. मध्ये काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं."

"असं होय," म्हणाले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला ते वाचू दिलं नाही.

"अहो," बहीण बाहेर येऊन म्हणाली, "तळाचा फोटो मागतोय ना बिचारा? मग काढा आणि टाका. यात चार दिवस गुप्तहेरी कशाला?"

सीलसाहेब कपाटाची काच पुसायला लागले. तेव्हा मला कळलं की दुसऱ्यांच्या सहाशे गाड्या उलट्या करून पाहणाऱ्या या माणसाने ही एक गाडी कधीच उलटी केली नव्हती. वर्षातून दोनदा फडक्याने पुसायची, कापसावर ठेवायची. बस.

रविवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे नियमाच्या वेळेत, त्यांनी खिडकीपाशी राखाडी कापड अंथरलं, गाडी उलटी ठेवली आणि भिंग लावलं. मी शेजारी होतो. त्यांनी दोनदा भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. मग भिंग माझ्याकडे दिलं. दोन रिव्हेट होते. दोन्हींवर लाल रंग, आणि एकावर तर त्याचा चक्क ओघळ.

"बदलली," सीलसाहेब कुजबुजले. "कुणीतरी माझी गाडी बदलली. कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," बहीण म्हणाली. "तीस वर्षं. मी रोज तुमची एकेक गाडी नेऊन लाल करून ठेवते. स्वयंपाक झाला की तेवढंच काम असतं मला."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी गाडी रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, "आक्काला दाखवू. ती ओळखेल, हीच की दुसरी." मला साक्षीदार म्हणून सोबत घेतलं.

आक्का दोन गल्ल्या सोडून राहते. वय बहात्तर, हात अजून पॅकिंगवालीचे. औषधांच्या गोळ्या दिवसागणिक कागदात गुंडाळत बसली होती. साहेबांनी गाडी तिच्यापुढे ठेवली.

"हीच का, सांग. नीट बघून."

तिने चष्मा न लावताच पाहिलं. "हीच की. दाराशी टवका उडालाय ना? तू खाटेवरून पाडली होतीस."

"मग रिव्हेटवर रंग कसा?"

"कशावर?"

"इथे. कारखान्यात इथे रंग लागत नाही. तू पॅकिंगला होतीस, तुला माहीत आहे."

आक्काने एक पुडी वळली, दुसरी वळली. सीलसाहेब तिच्या हातांकडे बघत होते. जिन्याखाली उभे असताना घरमालकाच्या हातांकडे बघायचे, तसे.

"आक्का, ही कुणी रंगवली?"

"चहा टाकते," आक्का म्हणाली. फार प्रेमाने म्हणाली. साहेबांचा चेहराच उतरला.

"चहा नको. सांग."

"अरे, मी रंगवली. माझ्या नेलपॉलिशने. आता काय फाशी देतोस? खराब झालेला माल आम्हाला घरी नेऊ द्यायचे. एका बाजूने पार खरवडलेली होती ती. तुला खरवडलेली कशी द्यायची? आणि तू लगेच विचारलंस, लाल का. सात वर्षांचा होतास, पण चौकशी पोलिसासारखी. मग म्हटलं, बाराच काढल्यात. तू गप्प झालास. आयुष्यात एकदाच गप्प झालास."

"बारा का?"

"पॅकिंगचं खोकं बाराचं असायचं. तोंडात तोच आकडा आला."

सीलसाहेबांनी खिशातून वही काढली, पेन काढलं, आणि काहीच लिहिलं नाही.

मी म्हटलं, "भावोजी, नियमाप्रमाणे नातेवाइकाचं सांगणं पुरावा नाही. आक्कांचं हे धरायलाच नको."

"रिव्हेट पुरावा आहे," ते म्हणाले.

तिथेच बसून त्यांनी फोनवर कोश उघडला. सातवा दिवस संपायला अजून अर्धा दिवस होता. त्यांनी पानाखाली लिहिलं, "सतराव्या नियमाने गाडी मागाहून रंगवलेली. शंका बरोबर होती," आणि स्वतःच्या हाताने पान काढून टाकलं. दोन मिनिटांत तिसऱ्या गिअरचा निरोप आला, "आभारी आहे. वाईट वाटलं." एक वाजून गेला होता. तो जेवत असणार.

आक्का चहा घेऊन आली. साहेबांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. गाडी परत रुमालात गुंडाळत होते, आणि गुंडाळता गुंडाळता थांबले. तो चेहरा मी ओळखतो.

"आक्का, आपलं ते करडं मांजर."

"कुठलं मांजर?"

"मी पडून होतो तेव्हाच गेलं ते. तू म्हणाली होतीस, दूधवाल्याने नेलं, तिथे त्याला रोज भरपूर दूध मिळतं."

आक्काने पुड्यांचा ढीग पुढे ओढला आणि गोळ्या मोजायला लागली. त्या तिने मगाशीच मोजल्या होत्या.

"मिळायचं की," ती खाली बघत म्हणाली. "भरपूर मिळायचं."

सीलसाहेबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. वही मांडीवर उघडीच होती. मग त्यांनी ती मिटली, खिशात घातली आणि चहा एका दमात संपवला.

"साखर बरोबर आहे," ते म्हणाले.