टेमघरच्या हॉलसाठी व्हिस्की

आमच्या नाट्यमंडळाने इतक्या वर्षांत नाटकं केली नऊ, आणि किस्से किती झाले ते विचारूच नका. चारजण चहाला बसलो की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा येतोच. पण व्हिस्की-चीजवाल्या दुपारचे वेगळे काढून ठेवलेत.

आधी भानगड सांगतो. टेमघरचा आमचा हॉल दामूशेठच्या जागेवर. २००६च्या आसपास भिवंडीत गोडाऊनला सोन्याचा भाव आला, तसे शेठचे दोघे भाऊ त्यांच्या मागे लागले. हॉल पाडा, गोडाऊन बांधा. भावांना तोंडावर नाही म्हणणं शेठना जमायचं नाही. शेठ आम्हाला म्हणाले, "आधी गळके पत्रे बदला, मंग बघू."

आमचे दिग्दर्शक नाना सत्तरीचे. बायको गेल्यापासून दिवसभर हॉलमध्येच. "हॉल गेला तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?" असं विचारायचे.

मुंबईचे एक नाटकवेडे साहेब म्हणाले, "फंडरेझर करा, पत्र्यांचे पैसे निघतील. व्हिस्की अँड चीज टेस्टिंग." नारपोलीच्या पॉवरलूमवाल्यांनी तिकिटं पटापट उचलली. चीज काय असतं ते कुणी विचारलं नाही.

•

तारीख ठरली आणि मग कळलं, त्या दिवशी संकष्टी. आमच्या खजिनदारांचा कडक उपास. त्यांनी शांतपणे निकाल दिला, "चीज दुधाचं, ते चालतं. व्हिस्की धान्याची, ती नाही चालत."

दुपारभर ते चीजच खात बसले. जाताना आपल्या वाटणीची व्हिस्की थर्मासमध्ये भरून नेली. चंद्र दिसल्यावर घ्यायला!

•

साहेब माईकवर रंगात आले. "ग्लास नाकाशी न्या. डोळे मिटा. आणि..." इथे त्यांनी पॉज घेतला.

विंगेत आमचा प्रॉम्प्टर बंडू उभा. स्टेजवरचा माणूस थांबला की याचा जीव खालीवर होतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजला, "आणि गटकन प्या!"

अख्ख्या हॉलने ग्लास रिकामे केले. साहेबांनी डोळे वटारून विंगेकडे पाहिलं. बंडूला वाटलं, पुढचंही विसरले. "आता दुसरा भरा."

•

चीजचे तुकडे तसेच पडून होते. शेठच्या घरून काकूंनी सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या, त्या मात्र दहा मिनिटांत साफ. साहेब चीजवर व्याख्यान देत होते, पण त्यांच्याच तोंडात भाकरी असल्यामुळे नीट कळलं नाही.

•

आता शेवटचा. स्टेजवर टेबल मांडून साहेब आणि दामूशेठ बसलेले, शेठचे भाऊ खाली पहिल्या रांगेत. ग्लास भरायला होता सदू, नाटकातलं सामानसुमान सांभाळणारा आमचा प्रॉपर्टीवाला. मंडळाचा जुना नियम, रंगपूजा झालेल्या स्टेजवर खरी दारू चढायची नाही, कोरा चहाच. सदूने खाली सगळ्यांना खरी दिली आणि स्टेजवर नियमाप्रमाणे चहा.

साहेबांनी घोट घेतला. "वा! धुराचा गंध येतोय." येणारच, चहा रॉकेलच्या स्टोव्हवरचा.

तीन ग्लास झाल्यावर दामूशेठ उठले. झोकांडी गेली, खुर्चीला धरून उभे राहिले आणि माईक ओढून म्हणाले, "मी जिता हाय तोवर ह्यो हॉल पडायचा न्हाय. गोडाऊन न्हाय, काय न्हाय." टाळ्या पडल्या. भावांची तोंडं कडू झाली. नाना रडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदूने चहाचं कबूल केलं आणि नानांच्या पायाखालची जमीन सरकली. मंडळाने भर सभेत आपली थट्टा केली असं शेठला कळलं, तर ते शब्द मोडतील. पण फसवून मिळवलेला हॉल नानांना नको होता. मला घेऊन ते शेठच्या घरी गेले. हात जोडून म्हणाले, "शेठ, काल तुमच्या ग्लासात व्हिस्की नव्हती. कोरा चहा होता."

शेठ ओटीवर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "तीस वर्सं पितोय नाना. मला कलत न्हाय?"

नानांनी जोडलेले हात खाली घेतले.

तेवढ्यात फाटक वाजलं. दोघे भाऊ तावातावाने आत येत होते. शेठने पेपर बाजूला टाकला, शर्टाची दोन बटणं उघडली, केस विस्कटले आणि आत हाक मारली,

"अगं, चहा टाक. कोरा. आनि कपात नको, ग्लासात आन."