चौथं प्रकरण आणि बंद पडणारा लॅपटॉप

लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला तो चौथ्या प्रकरणाच्या मधोमध. मी तक्ता भरत होते. पुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या कुठल्या गावातली किती कुटुंबं घरी परत आली आणि किती आलीच नाहीत, त्याचा. बोटं चालू आणि पडदा एकदम काळा. ना सूचना, ना आवाज. वर बघितलं तर पंखा फिरत होता, म्हणजे लाइट गेली नव्हती. बटण दाबलं, चालू झाला, पंधरा मिनिटं शहाण्यासारखा वागला आणि परत काळा. त्या दुपारी असं चारदा झालं. चौथ्या वेळी मी त्याला मुरगूडची एक शिवी दिली, ती इथं लिहिण्यासारखी नाही.

प्रबंध आमच्या ह्यांचा. हे ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतात, आणि पुरामुळं माणसं गाव सोडून कुठं जातात या विषयावर पाच वर्षं पीएच.डी. करत होते. लिहिणारे हे, टाइप करणारी मी. लग्नाआधी मी मुरगुडात टायपिंगच्या सेंटरवर बसायचे, मराठीची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. ह्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी ह्यांना स्वतःलाही लागत नाही, मला लागतं. दुपारी कळंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल पुसून मी बसायचे. संध्याकाळी हे आले की शेजारी खुर्ची ओढून टाइप केलेलं वाचायचे, आणि वाचता वाचता माझ्याशी बोलायचे. कुठल्या गावात पाणी कुठवर आलं, कुठली म्हातारी म्हैस सोडून यायला तयार नव्हती. एरवी आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, दूध आलं, पोरीची फी. तो एक तास माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे काही केलं ते त्या तासासाठी केलं.

आणि त्या तासावर मॅडमचा डोळा होता. निदान मला तसं वाटायचं.

मॅडम ह्यांच्याच कॉलेजातल्या. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या, स्वतःची पीएच.डी. केव्हाच झालेली. नदीकाठच्या गावांत त्यांचे पै-पाहुणे, त्यांच्या ओळखी, म्हणून लोकांकडून माहिती भरून घ्यायला ह्यांना त्यांची मदत. रविवारी सकाळी मॅडमची गाडी खाली उभी राहायची. चालवणार मॅडम, शेजारी बसणार हे. मागच्या सीटवर दोन विद्यार्थिनी असायच्या, ते मला दिसायचं. तरी पोटात दुखायचं ते दुखायचंच. परत आल्यावर ह्यांची टकळी सुरू. मॅडमनी अमुक विचारलं, मॅडमना कानडीपण येतंय, मॅडमच्या आईनं आग्रह करकरून जेवायला घातलं. मी भाकरी थापत ऐकायचे आणि जरा जोरातच थापायचे.

एकदा घरी आल्या. मी आलं घालून चहा ठेवला, तर हे स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, आलं नको, त्या कंद खात नाहीत. पोह्यात कांदा-बटाटा पण नको. बरं. कोबी घालून पोहे केले. ते खाऊन बाई म्हणतात कशा, वहिनी, किती छान झालेत, कसे केले सांगा की. काय सांगणार, कपाळ? नेहमी जे घालते ते सगळं काढून टाकलं, एवढंच केलं होतं. दिसायला काही अप्सरा नव्हत्या. अप्सरा असत्या तर मी एकवेळ समजून घेतलं असतं. हुशार होत्या, आणि ते जास्त लागत होतं.

दसऱ्याची सुट्टी संपली तेव्हा ह्याच मॅडमनी काही नकाशे पेनड्राइव्हवर घालून दिले. मी तो लॅपटॉपला लावला, नकाशे उतरवून घेतले. आणि आठवड्याच्या आत ते काळं पडणं सुरू झालं. आता सांगा, माणसानं काय समजायचं?

तरी मी आधी रीतसर सगळं बघितलं. चार्जर शेजारणीचा लावून बघितला, भिंतीवरचं बटण बदललं, हॉलमधल्या सॉकेटवर नेला. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला, तरी बंद. म्हणजे दोष चार्जरचा नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ बघून कसल्या कसल्या सेटिंग बदलल्या. खाली हात लावला तर चांगलाच तापलेला, म्हणून चार कोपऱ्यांखाली बाटलीची झाकणं ठेवली आणि टेबलफॅन त्याच्या तोंडावर सोडला. तसा तो अर्धा तास चालला. अक्कल असलेल्या माणसाला एवढ्यावर कळलं असतं. पण माझं ठरलेलं होतं. व्हायरस. त्या बाईच्या पेनड्राइव्हमधनं आलेला. मी तो पेनड्राइव्ह मोहरीच्या डब्यात टाकून वर झाकण घट्ट लावलं.

संध्याकाळी ह्यांना तसं सांगितलं. हे आधी हसले, मग भडकले. महिनाअखेरपर्यंत प्रबंध द्यायचा होता, मुदत वाढवून घेतली होती आणि ती शेवटची. वर मी असलं काहीतरी बोलतेय. "त्यांचं स्वतःचं मशीन बघ जा," हे म्हणाले, "हूं की चूं करत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते मशीनच घरी आलं. मॅडमनी पाठवलं होतं, वहिनींना वापरू दे म्हणून. चपटं, चंदेरी, वजनाला पाटीएवढं. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, मला दुसऱ्याच्या मशीनवर बोटं बसत नाहीत. हे खोटं होतं. टायपिंग सेंटरवर मी आयुष्यभर दुसऱ्याच्याच मशीनवर बसले होते. ह्यांनी दोन दिवस ते तसंच पडलेलं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझी तोवरची फाइल त्यावर उतरवून मशीन आणि हातानं लिहिलेले सगळे कागद पिशवीत घालून कॉलेजात घेऊन गेले.

माझ्याच हट्टानं माझ्या हातातलं काम गेलं. कॉलेज सुटल्यावर स्टाफरूममध्ये हे सांगायचे आणि मॅडम टाइप करायच्या. त्या दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून सहाच्या आत काम आटपायचं. हे घरी यायचे, हातपाय धुवायचे, मोबाइल घेऊन बसायचे. खुर्ची ओढायचं कारणच उरलं नव्हतं. एकदा मीच विचारलं, किती झालं. सोळा पानं झाली म्हणाले. पाचव्या प्रकरणात काय आलं, म्हटलं. तर जांभई देत म्हणाले, आता परत कुठं सगळं सांगू, दिवसभर तेच बोलून तोंड दुखलं. म्हणजे म्हातारी आणि म्हशीच्या गोष्टी आता तिकडं सांगून संपत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या रागात मी दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप बाजाराच्या पिशवीत घातला आणि केएमटीच्या बसनं राजारामपुरी गाठली.

जिन्याखालचं एवढंसं दुकान. दुरुस्तीवाला माझ्याच वयाचा, कपाळावर दिवा बांधलेला. मी त्याला स्वच्छ सांगितलं की व्हायरस आहे, एका बाईंच्या पेनड्राइव्हमधनं आलाय, आणि तसं एका कागदावर लिहून दिलंत तर बरं होईल. लॅपटॉपला मी विणलेलं जांभळ्या लोकरीचं कव्हर होतं, ते त्यानं काढलं, खालून हात फिरवला आणि स्क्रू काढायला लागला. पाठ उघडली. बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, ह्यात भात पेरलासा काय?"

मी वाकून बघितलं. आतल्या छोट्या पंख्यात तांदळाचे दाणे अडकलेले, कुंकवानं लाल झालेले. पंख्याच्या जाळीत हळद, कुंकू आणि माझ्या कव्हरची जांभळी लोकर, सगळ्याची मिळून एक गादीच झाली होती.

खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी पोटाला घालणारी हत्यारं पुजतात. माहेरी विळा, खुरपं, कोयता. इथं विळी, शिलाई मशीन, ह्यांची मोटरसायकल, आणि प्रबंध सुरू झाल्यापासून लॅपटॉप. दरवर्षी मी त्याला मिटूनच पाटावर ठेवायचे. यंदा शेवटचं वर्ष म्हणून थाटात करायला गेले. देवापुढं देखणा दिसावा म्हणून तंबूसारखा उभा केला, बिजागरी वर. हवा बाहेर सोडायची जाळी नेमकी तिथंच. त्यावर मी मूठ मोकळी सोडून अक्षता वाहिल्या. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, बारीक दाणा, सरळ आत गेला असणार. आणि वाहताना मनात काय मागितलं तेही आठवतंय. प्रबंध पुरा होऊ दे, आणि ती बाई आमच्या आयुष्यातनं जाऊ दे.

दुरुस्तीवाला ब्रश मारत मारत समजावून सांगत होता. पंखा फिरत नाही, आत उष्णता साठते, आणि फार तापलं की मशीन आपणहून बंद होतं. "जळायच्या आत गप पडतंय, शानं हाय ते," तो म्हणाला. मी मान खाली घालून ऐकलं. पूजा करू नका असं तो म्हणाला नाही. मिटून आडवा ठेवा, टिकलीएवढं कुंकू लावा आणि हे लोकरीचं स्वेटर तेवढं काढा, त्याला थंडी वाजत न्हाई, म्हणाला.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की धूळ साठली होती. मोहरीच्या डब्यातला पेनड्राइव्ह काढला, पदरानं पुसला आणि ह्यांच्या बॅगेत टाकला. भातपेरणीची गोष्ट आज पहिल्यांदा लिहितेय.

पुढच्या चार दिवसांत राहिलेली पानंही तिकडंच टाइप होऊन प्रबंध संपला. उरलं होतं ते किचकट काम. पानांना नंबर, तक्त्यांची यादी, समास, शुद्धलेखन. ते मॅडमना जमणारं नव्हतं, ते माझंच. मॅडमनी सगळी फाइल मेलनं पाठवली, आणि मी तीन दुपारी सलग बसले. लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. मॅडमनी टाइप केलेल्या पानांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढताना मला किती गोड लागलं, ते खोटं कशाला सांगू. एकेका पानावर सात-आठ सापडल्या, आणि प्रत्येक चूक मी चवीनं दुरुस्त केली.

तिसऱ्या दुपारी सगळ्यात पुढचं पान उघडलं. ऋणनिर्देश. मार्गदर्शकांचे आभार, प्राचार्यांचे आभार, गावोगावच्या लोकांचे आभार. मॅडमसाठी सहा ओळी, मी मोजल्या. आणि अगदी शेवटी, लाल अक्षरांत, माझ्याबद्दल. 'या प्रबंधाचा बहुतांश भाग माझ्या पत्नीने टंकलिखित केला. तक्त्यांतील बेरजांच्या माझ्या अनेक चुका तिने मला कळूही न देता दुरुस्त केल्या. हे काम जितके माझे, तितकेच तिचे आहे.'

मला रडूच फुटलं. ह्यांच्या टक्केवारीची बेरीज कधी शंभर येत नसे. मी मूळ कागद काढून, परत मोजून, गुपचूप बरोबर आकडे भरायचे, पाच वर्षं. ह्यांना ते माहीत आहे हे मला स्वप्नातही आलं नव्हतं. वाटलं, मला दिसावं म्हणूनच ह्यांनी मुद्दाम लाल केलंय. त्या क्षणी मी मॅडमच्या सहा ओळी माफ करून टाकल्या.

मग माउस त्या ओळीवर गेला आणि एक चौकट उघडली. फाइलमध्ये बदलांची नोंद चालू ठेवून कुणी काही बदललं की ते लाल दिसतं, आणि बदल करणाऱ्याचं नाव वर येतं. नाव मॅडमचं होतं. त्याखाली चौकटीतच ह्यांची मूळ ओळ होती, मधोमध रेघ मारलेली. 'कुटुंबीयांच्या सहकार्याबद्दल त्यांचाही आभारी आहे.'

बाईंनी तक्ते तपासताना ह्यांचे कागद आणि माझे आकडे शेजारी ठेवून बघितले असणार. इतका जळफळाट मला त्यांचा कधीच झाला नव्हता. माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसून माझं काम त्यांनी ओळखलं होतं, आणि जे वाक्य ह्यांच्याकडून यायला हवं होतं तेही त्यांनीच लिहून टाकलं होतं. रागानं ती ओळ पुसायला बोट बटणावर नेलं. पण त्यात पुसण्यासारखं काय होतं? शब्दन्शब्द खरा होता.

सहाला हे आले. खूप दिवसांनी खुर्ची ओढून शेजारी बसले. खुशीत होते. पहिलं पान बघितलंस का, म्हणाले. मी मान हलवली. ह्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाले, "शेवटच्या ओळी वाचल्यास न्हवं? मनापास्नं लिवलंय."

"तुम्ही लिवलंय?" मी विचारलं.

"मग? दुसरं कोण लिवणार?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला आणि माउस त्या ओळीवर नेऊन ठेवला. ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत लावला. नाव तेच होतं.