नारळ मिळालेल्यांची नावं

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी वसईतल्या एका साप्ताहिकात नाटकांवर लिहीत असे. आठवडाभर शाळा, शनिवारी प्रयोग, रविवारी परीक्षण. प्रयोग बहुधा एकपात्री, कारण त्याला सेट लागत नाही आणि नायिका शोधत फिरावं लागत नाही. टोपी, काठी आणि चष्मा एवढ्यावर बँकेतले कारकून पाच-पाच माणसं उभी करत आणि पाचही जण एकाच आवाजात खोकत. मी तसं लिहायची. लोक रागवायचे.

एका शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये एका वाडीवाल्यांच्या घरची सून उभी राहिली. घरचा धंदा फुलांचा. तिने टोपी-काठी काही घेतलं नाही. रिकामी टोपली घेतली आणि सासू, नणंद, फुलांचा दलाल, सगळे त्या टोपलीशी कसे वागतात ते दाखवलं. बोलली घरच्या बोलीत. पहिली दहा मिनिटं लोक हसले, नंतर कुणी हसेना. इतकं चांगलं काम मी दादरलाही फार वेळा पाहिलं नव्हतं.

सासरे मागच्या खुर्चीवर बसले होते. विरारहून दुसऱ्या प्रयोगाचं बोलावणं आलेलं होतं. मी त्यांना विचारलं, "मग पाठवणार ना?"

"पेपरात काय येतं ते बघू, बाई. गावाने मानलं तर आमची ना नाही."

मी रात्रीच बसून दोन कॉलम लिहिले.

आता आमच्याकडची एक रीत. प्रयोगाआधी पाहुण्यांचा सत्कार होतो आणि ज्याला ज्याला शाल-नारळ मिळाला, त्याचं नाव छापून यावंच लागतं. त्या दिवशी सरपंचापासून खुर्च्या पुरवणाऱ्या मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांना नारळ मिळाले होते. अंक हातात आला तेव्हा माझ्या दोन कॉलमांच्या जागी तीच नावं होती. तळाला एक ओळ होती: 'शेवटी एका स्थानिक गृहिणीने करमणुकीचा कार्यक्रम केला.'

मी संपादकांकडे गेले. ते चहा पीत होते.

"बसा. चहा घ्या."

"तिचं नावसुद्धा नाही."

"जागा कुठे होती? एक नारळवाला गाळला तर तो उद्या दारात उभा राहतो. तुमची बाई येणार आहे का भांडायला?"

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापा."

"छापू की."

छापली. मंडपवाल्याच्या भावाचं नाव चुकून राहून गेलं होतं, त्याबद्दल दिलगिरी.

मी वाडीवर जाऊन सासऱ्यांना सांगितलं की मी वेगळं लिहिलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुम्ही लिहिलं असेल हो. पण खुर्च्या मांडणाऱ्याचं नाव आलं आणि आमच्या सुनेचं नाही. याचा अर्थ आम्हाला कळतो."

ती आतल्या दारात उभी होती. विरारचा प्रयोग झाला नाही आणि नंतरही कुठे झाला नाही.

पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये नवा एकपात्री होता, नवे पाहुणे होते. प्रयोगाआधी मी मागच्या दाराने आत गेले तर ती हारांची टोपली घेऊन उभी. हार त्यांच्याच वाडीतले, नेहमीसारखे.

मी म्हटलं, "पुन्हा काही करायचं मनात येतं का?"

"आधी हे उतरवून घ्या, बाई. पाणी मारलंय, हात भरून आलेत."

मी एक बाजू धरली. टोपली खाली ठेवताना तिने ती नणंदेसारखी ठेवली नाही, सासूसारखीही नाही. नुसती ठेवली आणि कोणता हार अध्यक्षांचा, कोणता प्रमुख पाहुण्यांचा, ते मला दाखवून निघून गेली.

त्या प्रयोगावर मी लिहिलं नाही. काही बिघडलं नाही. नावं वेळेवर छापून आली.